वायर वाचते, माणसाचं काय?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी मराठवाड्यातल्या मुलांना आयुष्यभर विज्ञान शिकवलं. शिकलेलं विज्ञान घरात उपयोगी पडलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. म्हणून आज मी घरातलाच विषय घेतला आहे. नांदेड आणि लातूरकडच्या जुन्या घरांमधली वीज, तिच्यातले धोके आणि ते दूर करायचे उपाय, असा तो विषय आहे.

सांगायची मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या जुन्या घरांत विजेपासून जे संरक्षण बसवलेलं आहे, ते वायरीचं आहे. माणसासाठी तिथे काहीही नाही. ते बसवायला लागणारा पैसा आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्यातला आहे. अडलंय ते आपण मनावर घेण्यावाचून.

आधी या भागातली घरं पाहू. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मराठवाड्यातल्या घराघरांत मीटर बसले. म्हणजे नांदेडच्या इतवाऱ्यात, वजिराबादेत, लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या गल्ल्यांत किंवा औसा, उदगीर, कंधारच्या जुन्या पेठांत जी घरं आहेत, त्यांतल्या कितीतरी घरांना वीज ही मागाहून जोडलेली गोष्ट आहे. घर आधीचं, भिंती दगडमातीच्या, वर माळवद. त्या भिंतींवर सागवानी पट्ट्या ठोकून वायर नेलेली, खोलीत एक दिवा आणि फार तर एक पंखा.

अशा घरातला एखादा बोर्ड उघडून पाहा. काळ्या बॅकेलाइटची गोल बटणं, मागे लाकडी पेटी. पेटीत वाळवीने खाल्लेला भुगा आणि कोळ्याची जाळी. वायरीवरचं रबर हाताला लागताच कुरकुरीत होऊन गळतं, कारण रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकून तडकतं. आत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार सापडली, तरी नवल नाही. जोड नुसता पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि ती पट्टीही सुटलेली. पावसाळ्यात माळवद गळतं, ओल त्याच भिंतीने खाली उतरते आणि भिंतीला हात लावला की मुंग्या येतात. घरातली माणसं सांगतात, ‘त्या भिंतीला पावसाळ्यात थोडा करंट असतो, तिकडं जायचं नाही.’ हे वाक्य मी नांदेडातही ऐकलं आहे आणि लातुरातही. भिंतीला करंट येणं म्हणजे घर आधीच इशारा देत आहे. त्याची सवय करून घेणं फार महागात पडतं.

या वायरिंगवर आज काय काय चालतं? दोन दिवे, एक पंखा आणि रेडिओसाठी ओढलेल्या तारेवर आता फ्रीज आहे, कूलर आहे, वॉशिंग मशीन आहे, गिझर आहे आणि वरच्या खोलीत एसी आहे. दोन हजार वॅटचा गिझर किंवा इंडक्शन शेगडी सुमारे पावणेनऊ अँपिअर घेते. दिव्याचा जुना सर्किट पाच अँपिअरच्या हिशेबाने केलेला असे. वायरीतला प्रवाह दुप्पट झाला की तिच्यातली उष्णता चौपट होते. ती सगळ्यात जास्त साठते ती पिळलेल्या जोडापाशी, सैल स्क्रूपाशी, प्लगच्या पिनेपाशी. सॉकेट काळं पडलं असेल, प्लग काढताना पिन चटका देत असेल, जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल, तर आगीची सुरुवात झालेली आहे.

लातूरचं उदाहरण मुद्दाम घेतो. परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’मुळे गावोगावची मुलं या शहरात शिकायला येतात आणि कितीतरी जुन्या घरांच्या खोल्या त्यांना भाड्याने दिलेल्या असतात. एका खोलीत तीन-चार मुलं. प्रत्येकाचा चार्जर, टेबलाचा दिवा, उन्हाळ्यात कूलर, हिवाळ्यात बादलीत पाणी तापवायचा रॉड, रात्री चहाला इंडक्शन. हे सगळं एकाच सॉकेटला लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालतं. नांदेडच्या शिकवणी वर्गांभोवतीही हेच चित्र आहे. आईबाप मुलाला सोडायला येतात तेव्हा खोलीचं भाडं विचारतात, मेसचं जेवण चाखून बघतात, पाणी किती दिवसांनी येतं तेही विचारतात. माझी विनंती आहे की त्यांनी मेन बोर्डही उघडून दाखवायला सांगावा.

त्या बोर्डावर काय असतं? जुन्या घरात चिनी मातीचं कटआउट, ज्याला आपण किटकॅट म्हणतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून कुणीतरी त्यात फ्यूज तारेऐवजी जाड तांब्याची तार पिळून घातलेली असते. आता फ्यूज जात नाही. वितळायचं काम घरातल्या वायरीने करायचं, एवढाच त्याचा अर्थ. थोडी दुरुस्ती झालेल्या घरात किटकॅटच्या जागी एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारे स्विच, असतात, आणि घरमालक समाधानाने सांगतो की आमच्याकडे सगळं ऑटोमॅटिक आहे, शॉक लागला की ट्रिप होतं.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. शॉक लागल्यावर एमसीबी ट्रिप होत नाही.

हिशेब सोपा आहे. आपल्या घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या त्वचेच्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण एक हजार ओहम धरला, तर त्याच्यातून जाणारा प्रवाह होतो ०.२३ अँपिअर. सोळा अँपिअरच्या एमसीबीला पाव अँपिअरसुद्धा नसलेला हा प्रवाह म्हणजे एक लहानसा दिवा लागल्यासारखं आहे. ती बंद पडण्याचं काही कारणच नाही. पण माणसाला याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं, की पकडलेली तार सोडता येण्याची मर्यादा सरासरीने पुरुषांत १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर असते. त्याच्या पुढे हाताचे स्नायू आवळतात आणि माणूस ‘चिकटतो’. तीस मिलिअँपिअरच्या पुढे श्वास अडकू लागतो, प्रवाह आणखी वाढला की हृदयाची लय बिघडते. एक अँपिअर म्हणजे हजार मिलिअँपिअर. म्हणजे जी एमसीबी सोळा हजार मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसते, तिच्या भरवशावर आपण पंधरा मिलिअँपिअरला चिकटणारा माणूस सोडलेला आहे.

एमसीबी वाईट नाही. वायर जळू न देणं हे तिचं काम, आणि ते ती चोख करते. माणसाला वाचवायला तिला नेमलेलंच नाही.

मग माणसाला कोण वाचवतं? जुनं उत्तर आहे अर्थिंग. कूलरच्या पत्र्याला हिरवी वायर जोडलेली असेल आणि आत फेजची वायर पत्र्याला टेकली, तर करंट त्या हिरव्या वायरीने जमिनीत जावा, प्रवाह एकदम वाढावा आणि फ्यूज उडावा. कल्पना योग्य आहे. पण आपल्या जमिनीत ती कितपत चालते, ते पाहिलं पाहिजे.

आपली जमीन काळी आणि खाली बेसॉल्ट. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात तीच माती आकसते, वीत-वीत भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटते. कोळसा आणि मीठ घालून केलेला खड्डासुद्धा पाणी मिळालं तरच काम देतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, त्या उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओतायला कोण गेलं असेल? आणि नेमक्या त्याच महिन्यांत पत्र्याचे कूलर रात्रंदिवस चालू असतात.

आकड्यांत सांगतो. सुकलेल्या खड्ड्याचा रोध वीस ओहम झाला, आणि उन्हाळ्यात तो त्याहून जास्तही होतो, तर कूलरच्या पत्र्यावर फेज टेकल्यावर जमिनीत जाणारा प्रवाह होतो २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरची एमसीबी ट्रिप होत नाही. पत्र्यावर जवळपास पूर्ण दाब तसाच राहतो, कूलरचा पंखा फिरत राहतो. आणि घरातली बाई अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहून, बंद न केलेल्या कूलरच्या टाकीत बादली ओतते. तिच्या घरात अर्थिंगही आहे आणि एमसीबीही आहे. दोन्ही असूनही तिला वाचवणारं काही नाही.

देशात विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत दरवर्षी बारा हजारांच्या वर दिसतात. त्यांत शेतातले आहेत, खांबावरचे आहेत, तसे घरातलेही आहेत. घरातल्या घटनांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात वाचतो: कूलरमध्ये पाणी भरताना, मोटार लावताना, पत्र्याच्या खोलीला बांधलेल्या तारेवर ओले कपडे वाळत घालताना. तारेला चिकटलेल्या आईला ओढायला मुलगा धावतो, त्याच्यामागे बाप धावतो. एका घरातली दोन-तीन माणसं अशी जातात.

या सगळ्यावर जो उपाय आहे त्याचं नाव आरसीसीबी. काही जण तिला अजून ईएलसीबी म्हणतात. दिसायला एमसीबीपेक्षा थोडी रुंद आणि समोर ‘टी’ लिहिलेलं एक बटण. तिचं काम एवढंच: फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने परत आला की नाही, हे ती मोंढ्यातल्या मुनिमासारखी क्षणोक्षणी जुळवत असते. तीस मिलिअँपिअरची तफावत पडली, म्हणजे तेवढा प्रवाह कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून बाहेर जातोय. ती सप्लाय तोडते. मघाच्या हिशेबातल्या ०.२३ अँपिअरच्या धक्क्याला चांगली आरसीसीबी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात सप्लाय तोडते. हृदयाच्या एका ठोक्याला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. धक्का जाणवतो, माणूस घाबरतो, पण वाचतो.

आपल्या कोरड्या जमिनीसाठी तिचं महत्त्व आणखी वाढतं. अर्थिंगचा रोध वीसच्या जागी दोनशे ओहम झाला, तरी पत्र्यावर फेज टेकताक्षणी अँपिअरभर प्रवाह जमिनीत जाईल, आणि तेवढा तिला पुष्कळ झाला. कुणी हात लावायच्या आधीच ती सप्लाय तोडेल. म्हणून मी म्हणतो, अर्थिंग हवंच, पण मराठवाड्यात नुसत्या अर्थिंगवर विसंबून राहू नये. आणि आरसीसीबीला वायर जपता येत नाही, म्हणून तिच्या जोडीला एमसीबीही हवीच.

घरात लागते तशी दोन पोलची, तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी साधारण दीड ते अडीच हजारांच्या आसपास मिळते. यापेक्षा महाग मोबाइल आपण मुलांना घेऊन देतो.

आता अडचणी. जुन्या घरात आरसीसीबी बसवली की ती पहिल्याच दिवशी ट्रिप होते. वायरमन म्हणतो, ‘साहेब, तुमच्या घराला चालत नाही ही,’ आणि ती काढून टाकतो किंवा बायपास करून ठेवतो. ट्रिप होते याचा अर्थ घरात गळती आहे. कुठे ओली भिंत, कुठे उंदराने कुरतडलेली वायर, कुठे दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले. एकेक सर्किट सोडवून मेगरने, म्हणजे वायरीवरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने, तपासलं की दोष सापडतो. पाचशे व्होल्टवर एक मेगओहमपेक्षा कमी रोध दाखवणारी वायर ठेवू नये. ही अर्ध्या-एका दिवसाची मेहनत आहे. तिचे पैसे वायरमनला मोकळ्या हाताने द्या. आपण बटणांच्या रंगावर खर्च करतो आणि या मेहनतीला घासाघीस करतो.

दुसरी अडचण इन्व्हर्टरची. भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे घरोघर इन्व्हर्टर आले आणि ते घाईघाईने, आहे त्या वायरिंगमध्ये घुसवले गेले. त्यामुळे दोन गोष्टी होतात. मेन स्विच बंद केला तरी घरातले काही पॉइंट जिवंत राहतात, आणि मेन बंद आहे या भरवशावर होल्डरला हात घालणारा फसतो. शिवाय इन्व्हर्टरवरचे पॉइंट बऱ्याचदा आरसीसीबीच्या संरक्षणाबाहेर राहतात. इन्व्हर्टरच्या आउटपुटला वेगळी आरसीसीबी आणि वेगळा न्यूट्रल हवा, आणि मेन बोर्डावर ठळक अक्षरांत लिहिलेलं हवं: इन्व्हर्टरही बंद करा.

लातूरकरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कित्येक दिवसांनी नळाला पाणी येतं त्या दिवशी प्रत्येक घरात धावपळ असते. मोटार बाहेर ओढली जाते, वायर दारातून अंगणात जाते, तिचं टोक सोलून प्लगशिवाय सॉकेटात खोचलेलं असतं आणि ते निघू नये म्हणून काडेपेटीची काडी ठोकलेली असते. सगळीकडे पाणी, सगळे अनवाणी, घाई प्रचंड. नळाला मोटार लावणं योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. पण लावणार असाल तर तिची वायर अखंड असू द्या, प्लग थ्री-पिन असू द्या, सॉकेट आरसीसीबीखाली असू द्या, आणि बटण बंद केल्याशिवाय मोटारीला हात लावू नका. नांदेडात गोदावरीचं पाणी सखल वस्त्यांत शिरतं तेव्हा मेन आधी बंद करावा, आणि पाणी ओसरल्यावर तपासणी झाल्याशिवाय चालू करू नये.

यापुढे मला व्यक्तीकडून समाजाकडे यायचं आहे, आणि त्यासाठी १९९३ ची आठवण काढावी लागते. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. जवळपास दहा हजार माणसं गेली, ती मुख्यतः आपल्याच घरांच्या दगडमातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या जड माळवदांखाली. त्या दिवसानंतर या भागाने घराकडे पाहायची नजर बदलली. नव्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या जोडीला लाखांच्या घरातल्या जुन्या घरांची जागेवर दुरुस्ती आणि बळकटीकरण करायचा कार्यक्रम झाला. त्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. त्यांनी कॉर्नरला दगड कसा बांधायचा, भिंतीत पट्टा का घालायचा, हे शिकून घेतलं आणि शेजारणींना समजावलं. जे ज्ञान इंजिनिअरकडे होतं ते ओसरीवर पोहोचलं.

आपण हे एकदा केलेलं आहे, म्हणून पुन्हा करू शकतो. भूकंपानंतर बांधलेली घरंही आता तीस वर्षांची झाली. त्यांना लागून पत्र्याच्या खोल्या आल्या, वायर एका खोलीतून दुसरीत ओढली गेली. तीही आता तपासणीला आली आहेत.

मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची आणि मीटरच्या पुढची आपली. नवी जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यानंतर पन्नास वर्षं त्या घरात काय झालं, हे विचारायला कुणी येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम २०१० मध्ये आले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. गळती-संरक्षणाची अपेक्षा त्यांत आहे. पण इतवाऱ्यातल्या वाड्याच्या बोर्डापर्यंत तो कागद आपोआप चालत येणार नाही. त्याला नेणारी माणसं लागतील.

माझ्या चार सूचना आहेत. पहिली, नांदेड-वाघाळा आणि लातूर महापालिकांनी वायरिंगची तपासणी करून आरसीसीबी बसवणाऱ्या जुन्या घरांना घरपट्टीत एका वर्षाची सूट द्यावी. दुसरी, आयटीआयचे इलेक्ट्रिशियन आणि वायरमन ट्रेडचे विद्यार्थी, लातूरचं पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आणि नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी मिळून दर उन्हाळ्याच्या तोंडावर जुन्या वस्त्यांत तपासणीची मोहीम घ्यावी. शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनी मेगर घेऊन घराघरांत जावं. तिसरी, विद्यार्थ्यांना खोली भाड्याने देणाऱ्या प्रत्येक घरात आरसीसीबी सक्तीची असावी. या मुलांची जबाबदारी शहराने घेतलेली आहे, ती बोर्डापर्यंत पोहोचली पाहिजे. चौथी, छतावरच्या सौर पॅनेलला तीन किलोवॅटसाठी ७८ हजार रुपये अनुदान देणाऱ्या सरकारने त्या छताखालच्या वायरिंगसाठी, निदान गरीब घरांना, थोडी मदत द्यावी.

आणि या मोहिमेच्या पुढे बचत गटातल्या महिला असाव्यात. कूलरमध्ये पाणी घरातली बाईच भरते, कपडे तीच वाळत घालते, मोटार तीच लावते. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, सप्लाय तुटला तर ठीक, तुटला नाही तर वायरमनला बोलवायचं, एवढं तिला माहीत असलं की घराला पहारेकरी मिळाला.

शेवटी, उद्या सकाळी करायच्या गोष्टी. मेन बोर्ड उघडून आरसीसीबी आहे का ते पाहा. असेल तर बटण दाबा. नसेल तर परवानाधारक वायरमन बोलवा आणि आधी ती बसवून घ्या. संपूर्ण वायरिंग एकदम बदलणं परवडत नसेल तर टप्प्याने बदला: आधी मोरी, स्वयंपाकघर आणि कूलरचा पॉइंट, मग बाकीच्या खोल्या. वायर आयएसआय चिन्हाची तांब्याची घ्या: दिव्यांना दीड, सॉकेटला अडीच, गिझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटर. प्रत्येक सॉकेटला अर्थिंग ओढा. लोखंडी तारेवर कपडे वाळत घालणं आजच बंद करा, नायलॉनची दोरी बांधा. कुणी चिकटलं तर त्याला हात लावू नका. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने सोडवा, १०८ ला फोन करा आणि श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला लागा.

भूकंप कधी येईल हे आपल्याला सांगता येत नाही. सुकलेल्या वायरीचं तसं नाही. ती कुठे आहे, कोणत्या महिन्यात मारेल आणि तिला थांबवायला काय लागतं, हे सगळं आपल्याला माहीत आहे. इतकं माहीत असताना जाणारा प्रत्येक जीव आपल्या दिरंगाईचा बळी आहे. येत्या मार्चमध्ये माळ्यावरचे कूलर खाली काढण्याआधी आपापल्या घरात हे काम करून घ्या, आणि झालं की शेजारच्या घरात जाऊन सांगा. गुरुजींच्या स्मरणार्थ आपण एवढं नक्की करू या.